खुराड्याला जागा ठेवा

"घरात कोंबड्या? शी!" असं म्हणणारी माणसं आमच्या भिवंडी तालुक्यात वाढत चालली आहेत. गंमत म्हणजे त्यांतली बरीचशी कोंबड्यांच्या घरातच लहानाची मोठी झाली. आता बंगला झाला, अंगणात पेव्हर ब्लॉक बसले. गटारीला मात्र यांना गावठी कोंबडाच लागतो, बॉयलर चालत नाही. तो गावठी कोंबडा कुणाच्या तरी घरातच वाढलेला असतो, एवढं कुणी आठवत नाही.

कोंबडी घरात का आली, ते आधी समजून घ्या. घराला पडवी असायची. पडवीच्या कोपऱ्यात पाटीत पेंढा घालून खुडूक कोंबडी दहा-बारा अंड्यांवर बसवायची. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली की ती डालग्याखाली. दिवसा घार टपलेली, रात्री मुंगूस आणि रानमांजर. म्हणून दिवेलागणीला सगळ्यांना आत घेऊन दार लावायचं. सकाळी शिटांवर राख टाकून ती गोळा करायची आणि परसातल्या खतात टाकायची. याला व्यवस्था म्हणतात, गबाळेपणा नव्हे.

आणि या व्यवस्थेची मालकीण बाई होती. भाताचा पैसा वडिलांच्या हातात, कोंबडीचा आयच्या. माझ्या वह्या अंड्यांवर आल्या. एकदा पाहुण्यांसाठी वडिलांनी परस्पर कोंबडा धरला, तर आय दारात उभी राहिली : "कोंबरी माजी, कोंबरा पन माजाच. पयलं पैसं ठेवा." वडिलांनी गुपचूप पैसे ठेवले. घरात तिचं असं तेवढंच होतं, म्हणून तिथं तिचा शब्द चालायचा.

पुढे मुंबईच्या जकात-हद्दीबाहेर म्हणून काल्हेर, राहनाळ, पूर्णा, दापोडे भागात गोदामं उठली. मुंबईची जकात २०१७ मध्ये गेली, गोदामं राहिली. जमिनीचा पैसा सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला मिळाला. पडवी पाडून स्लॅब टाकला, कोंबड्या गेल्या, आणि बाईच्या कनवटीचा पैसा गेला. त्याची भरपाई कुणी मोजली?

"पण रोग?" असं विचाराल. प्रश्न रास्त आहे. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला सापडला. तिथे मोठमोठी शेडं होती, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो आपल्या शेजारी, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत आला. तिथेही एक किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या मारल्या गेल्या. तेव्हा एका खोलीत खाटेखाली कोंबड्या आणि खाटेवर तान्हं मूल, याची बाजू मी घेणार नाही. वाळलेल्या शिटांची धूळ श्वासात जाते. पण खोली एकच आणि बाहेर हातभर जागा नाही, तर ती बाई कोंबड्या ठेवणार कुठे? तिला नावं ठेवणं सोपं आहे. भिंतीला लागून, जमिनीपासून दोन फूट वर, जाळीचं आणि कडीचं खुराडं करायला जागा देणं अवघड जातं.

शिवाय गावठी कोंबड्यांचा नेहमीचा काळ म्हणजे मानमोडी. तिच्यावर लस आहे, महागही नाही. अडचण अशी की कुपी शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची असते, आणि एकदा कालवली की थोड्याच तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांची बाई ती एकटी कशी फोडणार? सगळ्या पाड्याने एकच दिवस ठरवला, कोंबड्या सोडायच्या आधी पहाटेच टोचून घेतल्या, तर एका कुपीत काम होतं. ग्रामपंचायतीला हा दिवस ठरवायला काय जड आहे? पण कोंबड्यांची तक्रार घेऊन पंचायतीत जाणारे पुष्कळ, लस मागायला कुणी जात नाही.

घराचा नकाशा काढताना गाडीला जागा ठेवता, देवघराला ठेवता. भिंतीबाहेर चार फूट खुराड्यालाही ठेवा. ठेवायची नसेल, तर निदान गटारीच्या आदल्या दिवशी पाड्यावर जाऊन "गावठी हाय का?" म्हणून विचारू नका.