उपकारस्तुती, पण नेमकी कशाबद्दल?

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत एक शब्द इतका सर्रास वापरला जातो की त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. तो म्हणजे 'उपकारस्तुती'. ताप उतरला, उपकारस्तुती. मुलीचं लग्न जमलं, उपकारस्तुती. दारात नवी मोटारसायकल आली, तर तिच्यासाठीसुद्धा पाळकसाहेबांना बोलावून उपकारस्तुती!

एरवी मराठी माणूस घरातल्या घरात आभार मानत नाही. आईनं ताट वाढल्यावर तिला 'आभारी आहे' म्हणून बघा, ती कपाळाला हात लावून बघेल ताप आहे का म्हणून. आपल्याकडे उपकार बोलून दाखवायचे नसतात, ते स्मरायचे आणि जमेल तसे फेडायचे असतात. मग देवाचे उपकार रोज बोलून दाखवायची ही सवय आपण का लावून घेतली? आणि ज्या वर्षी बोलून दाखवण्यासारखं काही हाती लागत नाही, त्या वर्षी काय करायचं?

हा दुसरा प्रश्न मला २०२५ पासून सोडत नाही. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो तुम्ही बातम्यांत पाहिला असेल, काहींनी अंगावर सोसला असेल. शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली. उभ्या सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटले. नदीकाठच्या कित्येकांची तर जमीनच खरडून गेली, म्हणजे पीकही गेलं आणि पुढच्या वर्षी पेरायची मातीही गेली. आमच्या जवळा बाजारचं सगळं जगणंच शेतमालावर. सोयाबीन, हळद, कापूस मोंढ्यावर आला तर किराणा दुकानात उधारी फिटते, कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक येतं, शाळेची फी भरली जाते. माल आला नाही की सगळी साखळीच थांबते.

आणि आपला कापणीचा सण नेमका पिकाशीच बांधलेला. पहिलं पीक देवापुढे आणायचं, कुणी ज्वारी, कुणी भोपळा, कुणी अंडी, कुणी कोंबडी, मग त्याचा लिलाव आणि हसतखेळत बोली. पण ज्याच्या शेतात गुडघाभर गाळ आहे त्यानं काय आणायचं? त्याला 'सर्व स्थितीत उपकार मान' असं सांगायचा आपल्याला अधिकार आहे का?

माझं मत सांगतो. आपण ज्याला कृतज्ञता म्हणतो त्यात दोन खोटी नाणी मिसळलेली आहेत. ती आधी बाजूला काढली पाहिजेत.

पहिलं खोटं नाणं तुलनेचं. 'त्याचं सगळं गेलं, आपलं निदान घर तरी वाचलं, देवाचे उपकार!' २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा घराघरांत किल्लारीची आठवण निघाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे हजारो माणसं झोपेतच गाडली गेली होती. आपण वाचलो म्हणून हात जोडले जाणं अगदी स्वाभाविक आहे. पण किल्लारीच्या लोकांवर देवाचे उपकार नव्हते असा त्याचा अर्थ होतो का? प्रभूनं परूशी आणि जकातदाराचा दाखला दिला, त्यातला परूशी काय करत होता? उपकारस्तुतीच तर करत होता! मी या इतरांसारखा नाही म्हणून. आणि ती प्रार्थना मान्य झाली नाही. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवल्याशिवाय ज्यांची मोजदाद होत नाही, ते आशीर्वाद म्हणून मोजूच नयेत असं मला वाटतं.

दुसरं खोटं नाणं व्यवहाराचं. विश्वास ठेवला म्हणून नोकरी लागली, दशांश दिला म्हणून धंदा वाढला. आपण नवसाला नावं ठेवतो आणि तोच नवस वेगळ्या शब्दांत बोलतो. या हिशेबानं ज्याचं पीक गेलं त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणावं लागेल. असं म्हणणारी माणसं मी ऐकली आहेत, म्हणून राग येतो.

मग खरं नाणं कोणतं? हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवट काढून वाचा. अंजिराला फूल नाही, द्राक्षाला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात जनावर नाही, असा तो एकेक नुकसान मोजत जातो. अगदी तलाठ्याच्या पंचनाम्यासारखं! आणि तरीही तो देवाच्या ठायी आनंद करतो. काही लपवत नाही, 'ठीक आहे हो, चालायचंच' असंही म्हणत नाही. आधी पंचनामा, मग स्तुती. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

आणि स्वतः प्रभू? ज्या रात्री त्याला धरून नेलं त्याच रात्री त्यानं भाकर हातात घेतली आणि उपकारस्तुती केली. पुढे काय वाढून ठेवलंय हे माहीत असताना. उपकार मानले आणि ती भाकर मोडून वाटली. मानणं आणि वाटणं एकाच दमात!

याचं आपल्या मातीतलं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. पंचविशीच्या आत इतके मृत्यू पाहिलेल्या बाईनं देवाशी अबोला धरला असता तरी कुणी बोल लावला नसता. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना वाचवून घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं. उपाशी राहणं म्हणजे काय हे ठाऊक असलेली बाई उपाशी मुलींना शोधत गेली. मी वाचलो, म्हणजे कुणासाठी तरी वाचलो, एवढाच त्याचा अर्थ.

आता रोजच्या आशीर्वादांकडे येऊ. मला त्यांची मोजणी जेवणाच्या ताटापासून सुरू करायला आवडते. भाकरी घ्या. ज्वारी कुणी पेरली, कुणी खुडली, कुणी मोंढ्यावर पाठीवरून पोतं वाहिलं, गिरणीवाल्यानं लाइट यायची वाट पाहत दळलं, आणि मग घरातली बाई चुलीपुढे बसली. चिमूटभर हळद घ्या. ती काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, तेव्हा कुठे फोडणीत पडते. पाण्याचा तांब्या घ्या. सिद्धेश्वर धरण आमच्याच औंढा तालुक्यात, पूर्णेवर. पण १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, दहा वाघिणींत ५ लाख लिटर, हे ज्यानं पाहिलं तो तांब्यातलं पाणी सहज ओतून देणार नाही. आणि या ताटामागचे बहुतेक हात ख्रिस्ती नाहीत. आमच्या भागात आपली घरं थोडी. औंढ्याचा नागनाथ एका बाजूला, नामदेवांचं नरसी दुसऱ्या बाजूला. नाताळात आमच्या करंज्या शेजारी जातात, दिवाळीत त्यांचा चिवडा येतो, ईदेला शीरखुर्मा. देवानं माझं ताट या सगळ्यांच्या हातून भरलं. मग माझी उपकारस्तुती फक्त मंडळीच्या चार भिंतींत कशी मावेल?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. उपकार मानणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. पीकविमा मागणं, नुकसानभरपाईसाठी चकरा मारणं, भाव पाडला तर मोंढ्यावर आवाज चढवणं, यात अविश्वास कुठला आलाय? देवानं दिलं ते वाटेत कुणी अडवलं तर विचारायलाच हवं. 'देवाची इच्छा' हे शब्द ज्याचं नुकसान झालं त्यानं म्हणावेत, तो त्याचा विश्वास. ज्याच्याकडे देणं आहे त्यानं म्हणू नयेत.

दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे परका. बाकीचे नऊ वाईट होते असं मला वाटत नाही. त्यांना घरी जायची घाई होती, आपल्याला असते तशीच. परत फिरणं म्हणजे उपकारस्तुती, एवढाच अर्थ मी घेतो. ज्यानं दिलं त्याच्याकडे परत फिरायचं, आणि ज्यांच्या हातून आलं त्यांच्याकडेही.

तेव्हा येत्या कापणीच्या सणाला एवढं करून पाहू या. ज्याच्याकडे आणायला काही नाही त्याला रिकाम्या हातानं येऊ द्या, पहिल्या ओळीत बसवा. आणि लिलावाचा पैसा या वर्षी रंगरंगोटीला न लावता त्याच्या पुढच्या पेरणीच्या बियाण्याला द्या. एका बॅगेचे पैसे निघाले तरी पुष्कळ झाले. मग उपकारस्तुतीचं गाणं म्हणू. सूर थोडा हलला तरी चालेल!