पनवेलचे ओकारान्त

ऑक्टोबर 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारने एका इंग्रजी शब्दाविरुद्ध शासन निर्णय काढला. सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या कर्मचाऱ्यांनी फोन उचलल्यावर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे, असे त्यात सुचवले होते. सक्ती नव्हती, आवाहन होते. ‘हॅलो’ला फोनवर बसवले ते एडिसनने 1877 मध्ये, ग्रॅहॅम बेलला त्याऐवजी खलाशांचा ‘अहॉय’ हवा होता. आवाहनाचे पुढे काय झाले, हे ज्याला पाहायचे असेल त्याने कोणत्याही सरकारी कार्यालयात फोन लावावा.

‘हॅलो’ एकटा नाही. फोटो, रेडिओ, व्हिडिओ, लोगो, स्टुडिओ, हिरो, झिरो असा त्याचा मोठा गोतावळा मराठीत कधीचा नांदतो आहे. गंमत अशी की इंग्रजीत ओ या अक्षरावर संपणारे बहुतेक शब्द इंग्रजांचेही नाहीत. गो, सो, नो, टू असे मोजके घरचे शब्द सोडले तर बाकी सारे पाहुणे. पियानो आणि सोलो इटालियन, मॉस्किटो स्पॅनिश, व्हिडिओ लॅटिन. काही शब्दांना तर इंग्रजांनीच ओ चिकटवला. मेक्सिकोतल्या ‘तोमात्ल’चे स्पॅनिश लोकांनी ‘तोमाते’ केले होते. इंग्रजीत त्याचा ‘टोमॅटो’ झाला. मल्याळममधून पोर्तुगीजांनी उचललेल्या ‘मांगा’चा ‘मँगो’ झाला. ‘बटाटा’ हा पोर्तुगीज उच्चार मराठीने नीट जपला आणि इंग्रजीने ‘पोटॅटो’ करून बिघडवला, असे म्हणायला हरकत नाही. त्या पोटॅटोने तर अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षांची फजिती केली. जून 1992 मध्ये न्यू जर्सीतल्या एका शाळेत डॅन क्वेल यांनी एका विद्यार्थ्याचे बरोबर असलेले स्पेलिंग शेवटी ई जोडायला लावून चुकवले. अनेकवचनात तो ई येतो, एकवचनात येत नाही. आणि ‘फोटो’च्या अनेकवचनात तर तोही येत नाही.

‘झिरो’चा प्रवास याहून लांबचा. भारतातल्या ‘शून्य’चे अरबांनी ‘सिफ्र’ असे भाषांतर केले, तो शब्द इटलीत लॅटिन वळणाने गेला आणि ‘झीरो’ होऊन निघाला. शून्य इथूनच गेले आणि ‘झिरोचा बल्ब’ होऊन परत आले.

पनवेलच्या रस्त्यावर मात्र या शब्दांचे राज्य निराळेच दिसते. भाजी येते टेम्पोतून. इटालियनमध्ये ‘टेम्पो’ म्हणजे वेळ, संगीतात लय. जर्मनीतल्या एका कंपनीने ते नाव तीनचाकी मालगाडीला दिले, 1958 मध्ये फिरोदियांची बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली आणि गाडीचे नाव जातीचे नाव झाले. 2005 मध्ये कंपनीने स्वतःचे नाव बदलून फोर्स मोटर्स केले. माल वाहणाऱ्याने टेम्पोला टेम्पोच म्हटले. ही भाजी विकली जाते किलोवर. ग्रीक ‘खिलिओई’ म्हणजे हजार, त्यातून आलेला हा शब्द नुसता वापरला तर त्याचा अर्थ ‘हजार’ एवढाच. कसले हजार, ते ग्रॅम मागेच राहिले.

हा ‘किलो’ मात्र सरकारनेच आणला. 1956 च्या कायद्याने दशमान वजने आली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे शेर आणि मण मागे पडले. मग ‘किलो’ला जमले ते ‘वंदे मातरम्’ला का जमू नये? कारण तेव्हा तागडीतले वजनच बदलले होते. हातातली वस्तू बदलली म्हणून तोंडातला शब्द बदलला. 2022 मध्ये फोन तोच राहिला, फक्त वाक्य बदलायला सांगितले गेले.

नवा मराठी शब्द टिकत नाही, असा याचा अर्थ नव्हे. सावरकरांनी दिलेला ‘महापौर’ टिकला. ऑक्टोबर 2016 मध्ये पनवेल महापालिका झाली तेव्हा पद आणि शब्द बरोबरच गावात आले, कोणाला अडखळायला झाले नाही. त्यांचीच ‘नभोवाणी’ मागे पडली, कारण तोवर घराघरांत रेडिओ बोलू लागला होता. एसटीच्या पाटीवरचा ‘आगार’ शब्द छानच आहे. प्रवासी विचारतो मात्र ‘डेपो कुठे’ म्हणूनच.

शिवाय ओकार मराठीला परका कधी होता? ज्या महाराष्ट्री प्राकृतातून मराठी आली, तिथे ‘देवो’, ‘पुत्तो’ अशीच रूपे होती. व्याकरणाच्या पुस्तकात आजही ‘बायको’ आहे, कायद्याच्या पुस्तकात ‘धनको’ आणि ‘ऋणको’ आहेत. कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 66 पनवेललाच सुरू होतो; त्या रस्त्याने मालवणी मुलखात उतरले की आंबा ‘आंबो’ होतो आणि घोडा ‘घोडो’. आलेल्या पाहुण्यांना मराठीने लिंगेही वाटून दिली आहेत. टेम्पो ‘तो’, कारण ट्रकच्या पंगतीतला. मेट्रो ‘ती’, कारण गाडी. 17 नोव्हेंबर 2023 रोजी बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली तेव्हा ती ‘सुरू झाली’. ‘सुरू झाला’ असे कोणी म्हटले नाही. ग्रीकमध्ये ‘मेट्रोपोलिस’ म्हणजे मातृनगरी, त्यामुळे या तोडलेल्या तुकड्यात उरली आहे ती नेमकी आई. योगायोगच, पण छान जमला.

काळजी करायचीच तर ती वेगळ्या ओकारान्ताची करावी. ‘सिडको’ हा शब्द कोणत्याही शब्दकोशातून आलेला नाही. सिटी अँड इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या नावाची ही आद्याक्षरे मार्च 1970 मध्ये जन्मली आणि ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनीचा व्यवहार त्यांच्या नावाने झाला. जानेवारी 1984 मध्ये जासईला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकरी उभे राहिले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले आणि त्या लढ्यातून निघाली ती संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना. आता ‘साडेबारा टक्के’ म्हटले की इथल्या प्रत्येक आगरी-कोळी घराला कळते. तो मराठी शब्द आहे आणि लढून मिळवलेला आहे. त्या घरांपर्यंत येणाऱ्या कागदांवर मात्र आद्याक्षरांची आणि तांत्रिक इंग्रजीची दाटी असते. भाषेसाठी शासन निर्णयच काढायचा, तर जमिनीच्या प्रत्येक नोटिशीवर पहिल्या ओळीत सोप्या मराठीत लिहावे: कोणाची, किती, कशासाठी, हरकत कधीपर्यंत. फोनवर काय म्हणायचे ते लोक बघून घेतील.

उलव्याजवळच्या विमानतळाचे उद्‌घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले. प्रवाशांबरोबर तिथून मालही जाईल आणि ‘कार्गो’ हा स्पॅनिश ‘लादणे’तून आलेला शब्द पनवेलच्या गोदामांत रोजचा होईल. त्याला ‘तो’ म्हणायचे की ‘ते’, हे अजून ठरायचे आहे. हमालांचा कौल आला की कोशकारांनी नोंद करावी.