आधी मशिन, मग लॅपटॉप

शंतनुराव किर्लोस्कर १९२६ साली एमआयटीची मेकॅनिकलची पदवी घेऊन परतले (अमेरिकेतली एमआयटी, कोथरूडची तेव्हा नव्हती!) आणि थेट किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात शिरले. पुण्यात खडकीला त्यांचा ऑइल इंजिनांचा कारखाना उभा राहिला तो १९४६ मध्ये. मधली कारखान्यातली वीस वर्षं कोणी मोजत नाही.

आज मेकॅनिकलची पदवी घेतलेला मुलगा चाकणला ट्रेनी म्हणून लागतो आणि वर्ष भरायच्या आत हिंजवडीच्या आयटी कंपन्यांकडे पाहू लागतो. त्याला दोष कसा द्यावा? तिकडे पगार बरा, रात्रपाळीची बस नाही. आम्हाला खुपतं ते वेगळंच. अनेक कारखाने या मुलांना वर्षभर एक्सेलचे तक्ते भरायला बसवतात. टूल कधी झिजलं, जॉब फिक्स्चरमध्ये का हलतो, पहिलाच पीस रिजेक्ट का झाला, हे मशिनवरच्या आयटीआय झालेल्या ऑपरेटरला ठाऊक असतं. त्याला ‘काका, जरा दाखवा ना’ म्हणायला मात्र पदवी आडवी येते.

व्यवस्थापकांनो, ट्रेनीला निदान पहिले सहा महिने मशिनवर उभं करा. लॅपटॉप नंतर द्या.