नंबर छत्तीस, गोळी साडेसदतीस

हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये काउबॉयचा पिक्चर लागला की एक प्रश्न हमखास येतो. त्या जुन्या रिव्हॉल्व्हरला काडतूस नसायचं, गोळी पुढूनच भरायची, मग नळी खाली केल्यावर ती पडत कशी नाही? हसू नका मंडळी! उत्तर आपल्याच 'लिमिट्स अँड फिट्स'मध्ये आहे.

1851 चं कोल्ट नेव्ही घ्या. ठासणीचं, टोपीवर उडणारं. सिलिंडरला सहा घरं. प्रत्येक घरात आधी काळी दारू, वर शिशाची गोळी, मागे टोपी. नंबर 0.36 इंच. मग गोळीही 0.36 ची? इथेच सगळे फसतात. तो आकडा नळीचा, तोही नाममात्र. गोळी आधी बसते सिलिंडरच्या घरात, म्हणून ती लागते 0.375 च्या आसपास, म्हणजे घराच्या तोंडापेक्षा किंचित मोठी. खालच्या दांड्याने दाबली की कडेची शिशाची बारीक कडी तासून निघते. ही कडी म्हणजेच इंटरफिअरन्स फिटची पावती. गोळी सैल असेल तर शेजारच्या बाराच्या धक्क्याने ती पुढे सरकते आणि सिलिंडर अडकतं. फटीतून आग शिरली तर दुसरं घरही पेटू शकतं. शिसं मऊच हवं, कठीण मिश्रधातू दाबताना दांडा बेजार. लांबट गोळी जड असते खरी, पण दारूची जागा खाते आणि तिरकी बसण्याची भीती जास्त. नेमासाठी माझं मत गोल गोळीला.

पण 'घट्ट तेच चांगलं' असंही समजू नका. त्याच काळातली एनफिल्ड रायफल नेमकी उलटी. तिची नळी 0.577 इंचाची आणि गोळी मुद्दाम सैल, 0.568 ची. भरताना सहज खाली जायची, बार उडाला की फुगून आट्यांत बसायची. काळ्या दारूची काजळी नळीत साचली की तीही अडायला लागली, म्हणून पुढे गोळी 0.55 वर आणली. 1857 म्हटलं की आपल्याला काडतुसाची चरबी आठवते. इथे कोल्हापुरातही त्या वर्षी 31 जुलैला 27 व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीने उठाव केला. चरबी शाळेत शिकलो, पण ते वंगण लागायचंच कशाला, हे कुणी सांगितलं नाही. घट्ट नळीत गोळी सरकावी आणि काजळी मऊ राहावी म्हणून!

आता म्हणाल, हा सगळा जुना मामला. मुळीच नाही. आपल्या कोल्हापूरने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत दिल्या. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलला ब्राँझ आणलं. त्या खेळात दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं असतं. सगळ्या गोळ्या .22 च्याच, तरी या पातळीवर रायफल शिकंज्यात धरून एकेका लॉटच्या गोळ्या कागदावर मारून बघतात. एका नळीला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असं नाही. डब्यावरचा आकडा वाचून कुणी लॉट घेत नाही.

आणि आपण? मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला मायक्रोमीटर हातात घेतो, आणि रीडिंग सिनियरच्या जर्नलमधून उतरवतो. मीही उतरवलीत, खोटं कशाला बोलू. पण बॅचमधल्या सगळ्यांच्या शाफ्टचा व्यास तिसऱ्या दशांशापर्यंत सारखा येतो आणि जर्नलवर सही होते, यात दोष एकट्या पोरांचा नाही. सरांना माझी विनंती आहे: पुढच्या टर्मला प्रत्येकाला वेगळा तुकडा द्या, वर आकडा लिहू नका, आणि सोबत एक भोक द्या. मोजा, आणि घट्ट बसेल की सैल ते आधी लिहून द्या. मग सगळ्यांसमोर बसवून बघू. पहिला नंबर माझा लावा.