वर्गणी ही चैन नव्हे

संपादक महाशय,

महाविद्यालयांतील ‘अनावश्यक’ खर्चाच्या छाटणीवर आपल्या पत्रात आठवडाभर जो वाद चालला आहे, त्यात शास्त्रीय मंडळांच्या वर्गणीची गणना उधळपट्टीत व्हावी आणि त्यावर एकाही विज्ञान-अध्यापकाने चकार शब्द काढू नये, याचा मनस्वी खेद होतो. आमच्याही महाविद्यालयाच्या दफ्तरात रसायन विभागाच्या वर्गणीवर ‘वैयक्तिक स्वरूपाचा खर्च, सबब नामंजूर’ असा लेखापरीक्षकांचा शेरा पडला होता. त्याच सालच्या जमाखर्चात पाहुण्यांच्या शाली-श्रीफळांची रक्कम मात्र बिनतक्रार मंजूर झाली.

वैयक्तिक! १९२४ साली कलकत्त्यास आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन केमिकल सोसायटी उभी राहिली आणि तिने स्वतःचे नियतकालिक चालविले, ते काय आचार्यांच्या घरगुती सोयीसाठी?

असल्या मंडळांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी एकच दाखला देतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील कूपनलिकांच्या पाण्यातील फ्लोराइड मोजून एका विद्यार्थिनीने एका मंडळाच्या अधिवेशनात आपले भित्तिपत्रक लावले होते. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही फ्लोराइडची कमाल मर्यादा. तिच्या कोष्टकातले काही आकडे या मर्यादेच्या जेमतेम खाली होते. एका वृद्ध विश्लेषकांनी चष्मा कपाळावर सारून नेमके त्याच आकड्यांवर बोट ठेवले आणि विचारले, “पोरी, पाण्यात ॲल्युमिनियम असेल तर ते फ्लोराइडला धरून ठेवतं, मग रंगाच्या पद्धतीत आकडा खोटाच कमी येतो, आधी ऊर्ध्वपातन केलं होतंस का?” तिने केले नव्हते. परत आल्यावर तिने ते सारे नमुने पुन्हा, या वेळी ऊर्ध्वपातन करून, तपासले. ज्या पाण्यावर गावेच्या गावे जगतात, त्याविषयीचा हा प्रश्न तिला तालुक्याच्या गावी, जेथे रसायनशास्त्राचे अध्यापक बोटांवर मोजण्याइतके, कोणी विचारला असता? अध्यापकांची स्थिती तरी निराळी कोठे आहे? पदवी घेऊन तीस-तीस वर्षे एकच वही वाचणाऱ्या माणसाला, आपले शास्त्र कोठवर पोहोचले हे मुंबईच्या असोसिएशन ऑफ केमिस्ट्री टीचर्ससारख्या मंडळात समव्यावसायिकांपुढे उभे राहिल्याखेरीज उमगत नाही. आणि ज्याला ते उमगले नाही तो विद्यार्थ्यांना काय देणार, हे लेखापरीक्षकांनीच सांगावे.

तेव्हा विद्यापीठांनी स्पष्ट हुकूम काढून ही वर्गणी प्रयोगद्रव्यांच्या आणि ग्रंथांच्या खर्चाच्या पंक्तीस बसवावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. ग्रंथांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो: रसायनशास्त्राच्या नियतकालिकांचे बांधीव खंड ‘जागा अडते’ या सबबीवर रद्दीच्या भावाने विकण्याची जी तजवीज ठिकठिकाणी चालली आहे, तिच्यावर आक्षेप घेण्यास एकाही लेखापरीक्षकास सवड का होत नाही?

आपला,
एक निवृत्त रसायन-अध्यापक, यवतमाळ