ओळखीच्या गावातील गुप्तता

महानगरात मानसोपचाराचा व्यवसाय करणाऱ्यास एक देणगी विनासायास मिळत असते, आणि ती म्हणजे गर्दी. पुण्याच्या कर्वे रस्त्यावरील एखाद्या इमारतीचा जिना संध्याकाळी कोण चढले, कोणत्या दारापाशी थांबले आणि तासाभराने डोळे पुसत खाली उतरले, याची दखल घेण्यास तेथे कोणालाच उसंत नसते. त्यामुळे आपले अत्यंत खाजगी दुःख परक्यापुढे मांडावयास आलेल्या मनुष्याचे जे संरक्षण वस्तुतः उपचारकाने करावयाचे, ते बहुतांशी त्या शहराचा अनोळखीपणाच परस्पर करून टाकीत असतो. लातुरास हा आडोसा नाही. येथे जिना चढणाऱ्याचे गाव, घराणे, सासर आणि सोयरे खालच्या पानटपरीवर उभ्या असलेल्यांपैकी एकाला तरी ठाऊक असतात. पुण्यातील व्यवसाय आवरून मी लातुरास आले आणि आठवड्यातून एक दिवस नांदेडास बसू लागले, तेव्हापासून या एकाच प्रश्नाने माझा सर्वांत अधिक विचार व्यापला आहे, आणि आज तोच वाचकांपुढे ठेवीत आहे.

मूळची मी उदगीर तालुक्यातली. पुण्यात माझ्याकडे येणाऱ्यांत मराठवाड्याची माणसे पुष्कळ असत. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघावे, सकाळी तासभर बोलावे आणि पुन्हा रात्रीच्याच गाडीने परतावे, असा त्यांचा क्रम असे, आणि एवढा प्रवास सोसून मिळालेल्या त्या एका तासात त्यांनी काय काय बोलावे, याचे मला नेहमीच दडपण येई. या दूरत्वाला इतिहास आहे. निजामी अमदानीतील मनोरुग्णालय जालन्यास होते. ते १९५३ साली हैदराबादेस हलविण्यात आले, तीन वर्षांनी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात दाखल झाला, आणि रुग्णालय मात्र तिकडेच राहिले. पुढे महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील चार प्रादेशिक मनोरुग्णालये हीच या कामाची मोठी ठाणी ठरली, आणि त्यांपैकी एकही मराठवाड्यात नव्हते. वैद्यकीय महाविद्यालये अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर येथे झाली, त्यांचे मनोविकार विभाग चालू आहेत. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ साली शासनाने चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात मराठवाड्याचे सर्व जिल्हे आले. अलीकडे १४४१६ या क्रमांकावर टेलिमानसची विनामूल्य सेवा उपलब्ध झाली आहे. तथापि औषधाखेरीज ज्यास दीर्घकाळ, ठरावीक दिवशी, ठरावीक माणसापाशी बोलण्याची आवश्यकता आहे, त्याची सोय या मुलखात आजही विरळाच आहे.

व्यवसाय हलविणे म्हणजे खुर्च्या आणि कपाटे हलविणे नव्हे, हे पुण्यातील दफ्तर आवरताना मनोमन पटले. त्या कपाटांत जे कागद होते, ते माझ्या हस्ताक्षरात असले तरी माझे नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीची गुप्तता राखण्याचे बंधन उपचार करणाऱ्यावर घातले आहे आणि आपली नोंद पाहण्याचा हक्क रुग्णास दिला आहे. सबब प्रत्येकास भेटून विचारणे प्राप्त होते की, आपली कैफियत दुसऱ्या उपचारकाच्या सुपूर्द करावी, की दूरध्वनीवरून पुढे माझ्यापाशीच चालवावी, की येथेच आपण परस्परांचा निरोप घ्यावा. हा निरोप घाईने उरकून चालत नाही. ज्या मनुष्यास आयुष्यात न सांगता सोडून गेलेली माणसेच पुष्कळ भेटली, त्याच्या बाबतीत पुरेसा आधी कळविलेला, रागास आणि रडण्यास अवकाश देणारा निरोप हाही उपचाराचाच भाग असतो, आणि स्थलांतर करणाऱ्या उपचारकाने नव्या जागेचे भाडे ठरविण्यापूर्वी या कामाचे महिने हिशेबात धरले पाहिजेत.

लातुरास जागा पाहताना मी प्रथम जिने पाहिले. मुख्य रस्त्यावरील स्वतंत्र दर्शनी गाळा मालक अगत्याने दाखवीत होते. पण त्या दारातून आत शिरणारा प्रत्येक जण कोठे शिरला हे समोरच्या दुकानदारास कळणार, म्हणून तो नाकारून जेथे खाली चष्म्याचे दुकान, पहिल्या मजल्यावर दंतवैद्य आणि वर शिकवणीचा वर्ग आहे, अशी इमारत मी पसंत केली, कारण तेथील जिना चढण्याला दहा कारणे असू शकतात. पाटीवर नाव, पदवी आणि वेळ एवढाच मजकूर घातला. दोन भेटींच्या मध्ये पाव तास मोकळा ठेवला, म्हणजे जाणारा आणि येणारा यांची दारात गाठ पडू नये. वाचकांपैकी कोणी म्हणेल की, अशा आडपडद्याने मनोविकाराविषयीची लाज उलट दृढ होते. हा आक्षेप मी गांभीर्याने घेते. परंतु आपल्या आजाराची वाच्यता करून समाजाची भीड मोडावी की मोडू नये, हा निर्णय ज्याचे त्याने घ्यावयाचा आहे. माझ्या जागेच्या रचनेने तो त्याच्यावर लादण्याचा अधिकार मला नाही.

मात्र जिन्याने आणि पाटीने येथील प्रश्न सुटत नाही. मी खुर्चीवर बसते तोच समोरचे वृद्ध गृहस्थ विचारतात, “गाव कोणतं तुमचं? कुणाच्या तुम्ही?” उपचारकाने स्वतःविषयी शक्य तितके मौन पाळावे, असे आम्हांस शिकविलेले असते, आणि त्या शिकवणीस सबळ कारणे आहेत, पण या मुलखात हा प्रश्न चौकशीचा नसून बोलण्याची परवानगी देणारा असतो, आणि त्याला उत्तर न देणे हे तुटकपणाचे लक्षण मानले जाते. मी गावाचे नाव सांगते, माहेरचे आडनाव सांगते आणि तेथे थांबते. पुष्कळदा त्यातून एखादी दूरची ओळख निघतेच. तशी ती निघाली की तेथल्या तेथे ती स्पष्ट बोलून घ्यावी लागते: तुमच्या कोणत्या नातलगास मी ओळखते, त्यांच्यापाशी तुमचे नावही मी काढणार नाही, आणि एवढे असूनही तुम्हांस संकोच वाटत असेल तर नांदेडास बसणाऱ्या अमुक व्यक्तीकडे मी चिठ्ठी देते. बाजारात, लग्नात, हळदीकुंकवात गाठ पडेल हेही पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे लागते. गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात, आणि त्यांतील कोणत्यातरी रस्त्याने माझ्याकडे येणारे कोणीतरी समोर येणारच. अशा वेळी ओळख द्यावी की न द्यावी हे त्यांनी ठरवावे, त्यांनी नमस्कार केला तर मी करीन, त्यांनी मान वळविली तर मीही पुढे जाईन, आणि त्याचा विषाद कोणीच मानावयाचा नाही, असा आमचा करार असतो.

या कराराची खरी कसोटी लातुरात एका विशिष्ट ठिकाणी लागते. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय यांसारख्या संस्थांच्या निकालांतून ज्यास लातूर पॅटर्न म्हणतात ती अध्यापनाची रीत नावारूपास आली; शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे हेच पुढे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, यावरून या दोन शहरांनी शिक्षणावर किती भिस्त ठेवली आहे हे ध्यानात यावे. आज ट्यूशन एरियात सकाळी पाठीवर पिशव्या घेतलेली मुले लोटतात, त्यांत बारावी होऊन ‘नीट’साठी पुन्हा बसलेले, ज्यांना येथे सर्रास रिपीटर म्हणतात, असे पुष्कळ असतात. झोप लागत नाही, छातीत धडधडते, वाचलेले डोक्यात राहत नाही, मेसचे जेवण जात नाही, अशा तक्रारी ती घेऊन येतात. घरी काय सांगावे हा त्यांचा सर्वांत मोठा घोर असतो.

अशाच एका मुलाचे वडील अहमदपूरकडील खेड्यातून आले होते. त्या दोघांच्या संमतीने आणि ओळख पटू नये इतके तपशील वगळून हे लिहीत आहे. मुलाने जीव देण्याचा प्रयत्न केला होता, आणि वडिलांची पहिली विचारणा पोलिसांविषयीची होती. २०१७ च्या कायद्याचे ११५ वे कलम अशा मनुष्यास तीव्र मानसिक ताणाखाली असल्याचे गृहीत धरते, त्याला शिक्षा करावयाची नसून त्याची काळजी घ्यावयाची आहे, हे मी त्यांना समजावून दिले. ते थोडे सैल झाले, खांद्यावरचे उपरणे मांडीवर घेऊन त्यांनी त्याची घडी घातली आणि मग मुख्य गोष्ट काढली. “मॅडम, पोराचं नाव कागदावर ऱ्हाणार का? पुढं सोयरिकीत अडचण नको.” मी कपाट उघडून दाखविले, वर नावे नसून क्रमांक होते, आणि किल्ली माझ्यापाशीच असते हेही सांगितले. मग असेही सांगितले की, मुलगा सज्ञान असल्याने हा कागद त्याचा आहे; त्याच्या जिवाला धोका दिसला तर मी तुम्हांला ताबडतोब बोलावीन, पण एरवी तो येथे काय बोलतो हे त्याच्या अनुमतीवाचून तुम्हांलाही सांगणार नाही.

फी भरणारा बाप पुढे बसलेला असताना हे वाक्य उच्चारणे सोपे नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. “म्हंजे मलाबी सांगणार न्हाईत?”

“नाही, काका. सांगायचं तेव्हा तोच सांगेल.”

त्यांनी पुन्हा एकदा ते उपरणे उलगडले. “मग बरं हाय. बापाला सांगंनात, तर दुसऱ्याला कशाला सांगताव.”

कुलूपबंद कपाटाने आणि कायद्याच्या कलमाने जे साधले नव्हते ते त्या नकाराने साधले. लहान गावात विश्वास हा अशाच प्रसंगांतून, जेथे सांगून टाकणे सोयीचे असते तेथे न सांगण्यातून, कमवावा लागतो. आणि तो एका घरात कमावला की त्या घराच्या दहा सोयऱ्यांपर्यंत आपोआप पोहोचतो. जी ओळखपाळख गुप्ततेची वैरीण वाटली होती, तिच्याच वाटेने ही कीर्ती पसरते.

नांदेडचा अनुभव याला दुजोराच देतो. डॉक्टर लेनच्या परिसरात दिवसभर देगलूर, मुखेड, किनवट, भोकर येथून माणसे येतात, सीमेपलीकडील निजामाबाद आणि आदिलाबादचीही येतात, आणि मराठीच्या जोडीला दखनी व तेलुगू कानी पडत असते. हजूर साहिबच्या दर्शनास देशभरातून येणाऱ्या यात्रेकरूंमुळे या शहराला परक्या चेहऱ्यांची सवय आहे. हळूहळू माझ्या ध्यानात आले की नांदेडास माझ्याकडे येणाऱ्यांत लातूरचेच लोक बरेच आहेत, आणि लातुरास येणाऱ्यांत नांदेडचे. अहमदपूर आणि लोहा ओलांडून एसटीने ही मंडळी केवळ यासाठी प्रवास करतात की, पलीकडच्या शहरात आपणांस कोणी ओळखू नये. जो आडोसा शहर देत नाही तो त्यांनी दोन शहरांमधील अंतरातून मिळविला आहे. आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्यांनी या वहिवाटीची नोंद घ्यावी; जिल्ह्याच्या माणसाला जिल्ह्यातच सेवा, हे सूत्र अन्य आजारांस लागू असले तरी या बाबतीत शेजारच्या जिल्ह्याची वाट मोकळी ठेवणे तितकेच अगत्याचे आहे.

ओळख असणे आणि ऐकून घेतले जाणे या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे किल्लारीच्या मुलखात सर्वांत तीव्रतेने जाणवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून निजलेल्या औसा आणि उमरगा तालुक्यांतील खेड्यांवर दगडमातीच्या रुंद भिंती आणि जड माळवदे कोसळली, हजारो माणसे गेली, आणि पुढे अनेक गावे नव्या जागी, सरळ रुंद रस्त्यांच्या आखणीत वसविण्यात आली. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. मोहन आगाशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूकंपग्रस्तांच्या मनःस्थितीचा अभ्यासही केला. पंचनामे झाले, कोणाच्या घरातले किती गेले याची यादी गावाला तोंडपाठ झाली. त्या रात्री लहान असलेली माणसे आज चाळिशीच्या आसपास आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणी कधी बोलावयास बसले म्हणजे कळते की, सर्वांना सारे ठाऊक असल्यामुळेच त्यांना कोणी कधी काही विचारले नाही. गावाला मेलेल्यांची संख्या ठाऊक होती. ढिगाऱ्याखालून येणारा भावाचा आवाज कोणत्या वेळी थांबला, हे त्या मनुष्याने कोणालाच सांगितलेले नव्हते. ते सांगण्यास त्याला ओळखीचा मुलूख, आपली बोली आणि तरीही मिटलेले दार, अशी तिन्ही एकत्र हवी होती.

मराठवाड्यातून शिकून पुण्यामुंबईस स्थिरावलेल्या माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना माझे सांगणे एवढेच की, या तिन्हींपैकी पहिल्या दोन गोष्टी तुम्हांपाशी जन्मतः आहेत आणि तिसरी शिक्षणाने आलेली आहे. तेव्हा येण्याचा विचार अवश्य करा. आणि लातूर-नांदेडच्या वाचकांना विनंती अशी की, जिन्यावर कोणी ओळखीचे दिसले तर नेहमीप्रमाणे रामराम करा, पाऊसपाण्याचे बोला, आणि ‘इकडे कुठे?’ हा प्रश्न तेवढा गिळा. उपचारकाने कितीही काटेकोरपणा पाळला तरी गुप्ततेचा अर्धा भाग गावाच्याच हाती असतो.