ठेवीदाराला आधी कळले पाहिजे

बँकांविषयीचे विधेयक संसदेपुढे आले की सभागृहात दोन पक्ष पडतात. परंतु ते ठेवीदारावरून पडतात असे मात्र सहसा घडत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये बँकिंग विनियमन कायद्याच्या दुरुस्तीवर दोन्ही सभागृहांत जी चर्चा झाली, तीत विरोधी सदस्यांचा मुख्य आक्षेप असा होता की, सहकारी संस्था हा घटनेने राज्यांकडे सोपविलेला विषय असता केंद्र सरकार रिझर्व्ह बँकेच्या आडून त्यात हात घालीत आहे. अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन ह्यांचे उत्तर असे की, बँकव्यवसाय हा केंद्राच्या सूचीतला विषय आहे, सहकार निबंधकांचे अधिकार कोणी काढून घेतलेले नाहीत आणि प्राथमिक कृषी पतसंस्थांना ही दुरुस्ती लागूच होत नाही. ह्या वादात कायद्याच्या दृष्टीने अर्थमंत्र्यांची बाजू अधिक बळकट होती असे आमचे मत आहे. राज्यांची कैफियत अगदीच निराधार होती, असेही नव्हे. परंतु अंकुश कोणाच्या हाती असावा ह्या वादाच्या धुरळ्यात एक साधा प्रश्न मागे राहिला. ज्याच्या पैशावर ही सारी इमारत उभी आहे, त्या माणसाला बँक आजारी असल्याचे कळणार केव्हा?

दुहेरी नियंत्रणाचे दुखणे जुने आहे. १ मार्च १९६६ पासून सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या कायद्याखाली आल्या. पण त्यांची नोंदणी, निवडणुका आणि कारभाराची इतर अंगे निबंधकाकडेच राहिली. दोन घरचा पाहुणा उपाशी, ह्या न्यायाने दोन धन्यांच्या ह्या बँकांकडे पुष्कळदा कोणाचेच लक्ष नसे. २०२० च्या दुरुस्तीने संचालक मंडळ, भांडवल आणि पुनर्रचना ह्यांविषयीचे रिझर्व्ह बँकेचे हात मोकळे केले, हे योग्यच झाले. तथापि पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे जे प्रकरण ह्या दुरुस्तीला निमित्त झाले, त्याचा तपशील पाहिला म्हणजे केवळ अधिकारांच्या अभावी हा अनर्थ ओढवला असे म्हणवत नाही.

२४ सप्टेंबर २०१९ रोजी ह्या बँकेच्या खातेदारांना समजले की, पुढील सहा महिन्यांत मिळून त्यांना खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील. लाखो ठेवीदार आणि अकरा हजार कोटी रुपयांहून अधिक ठेवी असलेली ही बँक काही आडगावची पेढी नव्हती. मार्च २०१९ अखेरच्या तिच्या प्रसिद्ध हिशेबांत थकीत कर्जांचे प्रमाण अवघे ३.७६ टक्के दाखविलेले होते. इतका स्वच्छ ताळेबंद पाहून कोणाही सुज्ञ माणसाने तेथे पैसे ठेवले असते, आणि अनेक सुज्ञ माणसांनी ठेवलेही. वस्तुतः एकूण कर्जाच्या सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकलेली होती आणि ती लपविण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती उघडलेली होती. ह्या काळात लेखापरीक्षण होत होते, रिझर्व्ह बँकेची तपासणी होत होती. तरीही अखेर वाचा फुटली ती बँकेच्या आतूनच.

पैसे काढण्याची मर्यादा पुढे दहा हजार, पंचवीस हजार, चाळीस हजार अशी हप्त्याहप्त्याने वाढत जून २०२० मध्ये एक लाखावर आली. स्वतःच्याच पैशांतून आजारपणासाठी जास्त रक्कम हवी असेल तर अर्ज आणि दाखले घेऊन प्रशासकापुढे उभे राहावे लागे. निवृत्तीचे पैसे ज्यांनी तेथे ठेवले होते त्यांच्या घरी त्या दिवाळीत काय शिजले असेल, ते मुंबईच्या वाचकाला आम्ही सांगावयास नको. शाळेत शिकवीत होतो तेव्हा मुद्दल, मुदत आणि दर देऊन व्याज काढण्याची उदाहरणे आम्ही मुलांना घालीत असू. त्यांत मुदत संपेपर्यंत बँक शिल्लक राहणार हे गृहीतच असे.

जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. विलीनीकरणाच्या योजनेप्रमाणे वैयक्तिक ठेवीदाराला विम्याचे पाच लाखांपर्यंत पैसे आधी मिळाले, त्यापुढची रक्कम वर्षावर्षाने, आणि मोठ्या ठेवीची अखेरची बाकी दहा वर्षांनी. संस्था म्हणून ज्यांनी ठेवी ठेवल्या होत्या त्यांची गत याहून विलक्षण झाली. विम्याबाहेरच्या त्यांच्या ठेवींपैकी ऐंशी टक्के रकमेचे वर्षाला एक टक्का लाभांशाच्या अग्रहक्काच्या भागांत रूपांतर करण्यात आले आणि उरलेल्या वीस टक्क्यांबद्दल पुढे समभाग मिळण्याचा हक्क हाती ठेवण्यात आला. सहकारी संस्थांनी आपला निधी कोठे गुंतवावा हे महाराष्ट्राच्या सहकार कायद्याचे ७० वे कलम सांगते, आणि त्या मोजक्या ठिकाणांत सहकारी बँका प्रामुख्याने येतात. म्हणजे संस्थेच्या चिटणिसाने कायद्याचा मान राखून पैसे गुंतवावेत आणि एके दिवशी आपण ठेवीदार नसून भागधारक आहोत असे त्याला कळावे, असा हा प्रकार! शिवाय विम्याच्या दृष्टीने शंभर बिऱ्हाडांची संस्था हा एकच ठेवीदार. इमारतीच्या दुरुस्तीचा निधी कितीही असो, विमा पाच लाखांचाच.

ह्या विम्याचा इतिहासही बोलका आहे. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्या तेव्हा देशभर हलकल्लोळ झाला. त्यातून १९६१ चा ठेव विमा कायदा जन्मला आणि १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदारामागे दीड हजार रुपयांचा विमा सुरू झाला. मर्यादा वाढत वाढत १९९३ मध्ये एक लाख झाली आणि तेथे जी थबकली ती सत्तावीस वर्षे हलली नाही. पाच लाखांचा आकडा फेब्रुवारी २०२० मध्ये आला, तोही मुंबईच्या रस्त्यांवर ठेवीदारांनी महिनोन्‌महिने निदर्शने केल्यावर. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने आणखी एक चांगले पाऊल टाकले. व्यवहारांवर निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यावी, असे त्या दुरुस्तीने ठरविले. पूर्वी बँकेचे दिवाळे विधिपूर्वक वाजेपर्यंत ठेवीदार ताटकळत राही. त्या मानाने ही सुधारणा मोठी आहे, आणि तिचे श्रेय सरकारला मोकळेपणाने दिले पाहिजे.

परंतु विमा झाला, नव्वद दिवस झाले, विलीनीकरण झाले. हे सारे उपचार रोगी गेल्यानंतरचे आहेत. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी मुंबईतील न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा २०२० ची दुरुस्ती लागू होऊन साडेचार वर्षे लोटली होती. तरीही ठेवीदाराला पहिली बातमी मिळाली ती शाखेच्या बंद दारावरच. तिजोरीतील १२२ कोटी रुपयांच्या कथित अपहाराचे प्रकरण त्यानंतर उघड झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन होऊन ठेवीदार सावरले, ही समाधानाची गोष्ट. पण शेजारी सशक्त बँक उभी होती म्हणून ते सावरले. ती नसती तर?

रिझर्व्ह बँकेला काहीच ठाऊक नसते असे नाही. सप्टेंबर २०२० मधील चर्चेत स्वतः अर्थमंत्र्यांनी सांगितले की, २७७ नागरी सहकारी बँकांची स्थिती दुबळी आहे आणि ४७ बँकांची नक्त मालमत्ता शून्याच्याही खाली गेली आहे. सरकारजवळ आकडा होता, म्हणजे यादीही असलीच पाहिजे. त्या ४७ बँकांत ज्यांची खाती होती त्यांनी ही वाक्ये वृत्तपत्रांत वाचली आणि आपली बँक त्यांत आहे किंवा नाही, ह्याचा अंदाज बांधीत ते बसले. ह्याच्या उलट रिझर्व्ह बँक बारीकसारीक दंडांची पत्रके मात्र नेमाने काढते. अमुक बँकेला एक लाख, तमुक बँकेला दोन लाख, आणि ह्या कारवाईचा ग्राहकांच्या व्यवहारांच्या वैधतेशी संबंध नाही अशी ठराविक पुस्ती. शिंक आली ते जाहीर व्हावे आणि क्षय झाला ते झाकून ठेवावे, असा हा व्यवहार आहे.

गुप्ततेच्या बाजूचा युक्तिवाद आम्ही जाणतो आणि तो हलका लेखीत नाही. बँक दुबळी आहे असे जाहीर होताच तिच्या दाराशी झुंबड उडेल आणि जी सावरली असती तीही कोसळेल, अशी ही भीती आहे. पण गुप्ततेने झुंबड टळत नाही. ती फक्त निर्बंधांच्या दिवसापर्यंत लांबते, आणि दरम्यान ज्यांना आतली कुणकुण लागते ते आपले पैसे घेऊन निघून जातात. मागे राहतो तो कोणाशीही ओळख नसलेला खातेदार. २०१७ नंतर अकरा सरकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेने सुधारणेसाठी उघडपणे बंधने घातली होती. त्या बँकांसमोर रांगा लागल्या नाहीत. त्यांच्या पाठीशी सरकार होते, हे मान्य. परंतु माहिती मिळाली की लोक बेभान होतात हे गृहीत त्या अनुभवाने बरेच ढिले केले आहे.

तक्रार करावी तरी कोठे? १९९५ मध्ये बँक लोकपालाची योजना निघाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचे एकत्रीकरण झाले. चुकीचे आकार, परस्पर वळते केलेले पैसे, न मिळालेली कागदपत्रे ह्यांबाबत तिचा उपयोग होतो, आणि वाचकांनी तो अवश्य करून घ्यावा. प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास लोकपालाकडे जावे. परंतु वैधानिक प्राधिकरणाच्या आदेशाप्रमाणे बँकेने केलेली कृती ह्या योजनेच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. साहजिकच, निर्बंधांमुळे बँक पैसे देत नाही, ही ठेवीदाराची सर्वांत मोठी तक्रार तक्रारच ठरत नाही. शिवाय लोकपाल हा रिझर्व्ह बँकेचाच अधिकारी. त्याने आपल्या संस्थेच्या देखरेखीचा दोष काढावा अशी अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्यायाचे होईल.

संसदेत प्रश्न विचारल्याने काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण येथे नमूद करतो. खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून सरकारी बँकांनी पाच वर्षांत सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये दंड वसूल केल्याचे २०२४ मध्ये संसदेतील उत्तरातून बाहेर आले. ज्यांच्याजवळ कमी आहे त्यांच्याकडूनच घ्यावयाचे, ही रीत उघड्यावर येताच तिचे समर्थन अवघड झाले, आणि २०२५ मध्ये अनेक सरकारी बँकांनी हा दंड सोडून दिला.

त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यसभेच्या संमतीनंतर बँकविषयक कायद्यांची आणखी एक दुरुस्ती पुरी झाली. तिने सहकारी बँकांच्या संचालकांची मुदत आठ वर्षांवरून दहा वर्षे केली आणि ठेवीदाराला एकाऐवजी चार नॉमिनी नेमण्याची सोय दिली. सोय चांगली आहे. ठेवीदाराच्या पश्चात त्याचे पैसे कोणास मिळावेत ह्याची काळजी कायद्याने चौपट केली. त्याच्या हयातीत ते सुरक्षित आहेत किंवा नाहीत हे त्याला सांगण्याची काळजी मात्र पुढच्या दुरुस्तीवर सोडली.

ती पुढची दुरुस्ती काय असावी? तपासणीचा संपूर्ण अहवाल चव्हाट्यावर मांडा असा आमचा आग्रह नाही. बँकेने स्वतः दिलेल्या आकड्यांची किंमत काय, ते ३.७६ टक्क्यांनी दाखविलेच आहे. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत आढळलेले आकडे हवेत: भांडवलाचे प्रमाण, थकीत कर्जे, सर्वांत मोठ्या कर्जदार समूहाकडील कर्जाचा हिस्सा आणि संचालकांशी संबंधित कर्जे. ते वर्षातून एकदा, लोकांच्या भाषेत, प्रत्येक शाखेच्या दर्शनी भागी लावावेत. निर्बंध घालण्याची वेळ आलीच तर त्यांची कारणे आणि मागील तपासण्यांत काय दिसले होते, ह्याचे निवेदन ठराविक मुदतीत संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीपुढे यावे, आणि त्या वेळी समितीने ठेवीदारांनाही साक्षीस बोलवावे.

रिझर्व्ह बँकेने तपासणी अहवाल माहितीच्या अधिकाराखाली दिले पाहिजेत, बँकांचे गुपित राखण्याचे विश्वस्तपण तिच्याकडे नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये दिला होता. बँका पुन्हा न्यायालयात गेल्या, आणि त्या निकालाचा फेरविचार करावा लागेल असे सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायालयानेच म्हटले. न्यायालयात जो वाद चालावयाचा तो चालो. २००५ चा माहितीचा कायदा संसदेने केला, १९४९ चा बँकांचा कायदाही ह्याच सार्वभौम विधिमंडळाच्या हातचा आहे. ह्यांपैकी दुसऱ्यात एक कलम घालण्यासाठी सदस्यांना कोणाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.